वाळूचा समुद्र आणि स्वस्त मोटार

दुसऱ्यानें वापरलेली जुनी मोटार विकत घ्यावी, तिच्या अंगावरचें नसतें ओझें उतरवावें, कमानी आणि चाकें बळकट करावीं आणि रस्ता जेथें संपतो तेथून पुढें तिला न्यावें, हा छंद आज पुष्कळ तरुणांस जडलेला आपण पाहतों. घरांतील वडील मंडळींना हा पैशाचा चुराडा वाटतो. तरुणांना वाटतें कीं, हाताशीं आणखी थोडा पैसा असता तर गाडी खरी तयार झाली असती. दोन्ही पक्षांचें एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. तें हें कीं, अशी गाडी पैशानें तयार होते. आज मी जो इतिहास सांगणार आहें तो या समजुतीविरुद्ध साक्ष देणारा आहे. ही साक्ष लिबियाच्या वाळवंटांतली आहे, आणि ती देणारी मोटार आपल्या काळांतल्या सर्वांत स्वस्त मोटारींपैकीं एक होती.

प्रथम त्या भूमीची कल्पना घेऊं. नाईल नदी ओलांडून पश्चिमेकडे निघालें म्हणजे इजिप्त, लिबिया व सुदान या तीन देशांत पसरलेलें वाळवंट लागतें. त्याचा विस्तार आजच्या भारताच्या सुमारें एक तृतीयांश भरेल. त्यांतच सिवा या मरूद्यानाच्या दक्षिणेस 'वाळूचा महासागर' म्हणून ओळखला जाणारा प्रदेश आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढ्या या टापूंत उत्तर-दक्षिण पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा उभ्या आहेत. १८७४ सालीं गेऱ्हार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे कुफ्र्याला जाण्यास निघाला. एक रांग ओलांडावी तों पुढें दुसरी उभी! अखेर त्यानें तो नाद सोडला, आणि टेकड्यांच्या रांगांमधून उत्तरेची वाट धरून तो सिव्यास पोहोंचला. या समुद्रांतून पार जातां येत नाहीं, अशी समजूत त्यानंतर पन्नास वर्षें टिकून राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर या वाळवंटाच्या दूरच्या कोपऱ्यांचा शोध पुन्हां जोरानें सुरू झाला. इजिप्तचे अहमद हसनैन यांनीं १९२३ सालीं उंटांवरून प्रवास करून अर्केनू व उवेनात हे डोंगर जगाच्या नकाशावर आणले. इजिप्तच्याच राजघराण्यांतील प्रिन्स कमाल-उद्-दीन यांनीं पुढें सित्रोएन कंपनीच्या, मागच्या बाजूस चाकांऐवजीं पट्टे असलेल्या मोटारी नेल्या, आणि १९२६ सालीं गिल्फ कबीर या अफाट पठाराला नांव दिलें. हें काम मोठेंच होतें. पण त्यामागें राजपुत्राची तिजोरी होती. ज्याच्यापाशीं ती नाहीं त्यानें काय करावें?

त्याचें उत्तर त्याच वाळवंटांत अगोदर थोडेंफार मिळून गेलेलें होतें. हेन्री फोर्डच्या कारखान्यानें १९०८ ते १९२७ या काळांत 'टी' नमुन्याच्या दीड कोटींहून अधिक मोटारी बांधल्या. १९२५ च्या सुमारास अमेरिकेंत तिच्या अगदीं साध्या प्रकाराची किंमत तीनशें डॉलरांच्याहि खालीं उतरली होती. इंजिनाची शक्ति अवघ्या वीस घोड्यांची. दिसण्यांत ऐट नाहीं कीं बसण्यांत सुख नाहीं. परंतु अमेरिकन शेतकऱ्याच्या चिखलवाटा डोळ्यांपुढें ठेवून ती बांधलेली असल्यामुळें तिचें पोट जमिनीपासून उंच होतें, सांगाडा लवचीक होता, वजन बेताचें होतें, आणि बहुतेक भाग साध्या अवजारांनीं सोडवतां-जोडतां येत होते. तिच्यांत एक दोषहि होता. पेट्रोलची टाकी बसण्याच्या जागेखालीं असे, व तेथून पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत जाई. चढ फार उभा असला व टाकींत पेट्रोल कमी असलें कीं तें वाहीनासें होई. अशा वेळीं चालक गाडीचें तोंड फिरवीत आणि उलट्या गतीनें ती चढवीत! गाडीचा स्वभाव ओळखून त्यावर तोड काढावयाची, हा या इतिहासांतला पहिला धडा होय.

पश्चिमेकडून सेनुसी टोळ्यांचा हल्ला झाला त्यानंतर १९१६ सालीं ब्रिटिश सैन्यानें या फोर्ड मोटारींचीं हलकीं गस्ती पथकें उभारलीं. न्यूझीलंडचे कॅप्टन क्लॉड विल्यम्स व इजिप्तच्या भूमापन खात्याचे डॉ. जॉन बॉल यांनीं या पथकांबरोबर हिंडून वाळवंटाचीं मोजमापें घेतलीं. युद्ध संपलें, पथकें मोडलीं आणि त्यांनीं मिळविलेलें ज्ञान बहुतेक विसरलें गेलें. वाळवंटाच्या कठीण भूमीवर त्यांच्या चाकोऱ्या मात्र वर्षानुवर्षें जशाच्या तशा राहिल्या. दहा वर्षांनंतर त्या चाकोऱ्या पाहून चकित झालेला एक तरुण लष्करी अधिकारी म्हणजेच राल्फ बॅग्नोल्ड.

बॅग्नोल्ड यांचा जन्म १८९६ चा. लष्कराच्या संदेशवहन विभागांत ते अधिकारी होते आणि १९२६ पासून त्यांची नेमणूक इजिप्तांत होती. पुढें त्यांची बदली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर झाली. तथापि रजा मिळाली कीं त्यांचीं पावलें त्याच वाळवंटाकडे वळत. गाय प्रेंडरगास्ट, केनेडी शॉ इत्यादि समानधर्मी मित्र त्यांना मिळाले. रजेचे मोजके दिवस आणि पदरचा पैसा एवढेंच त्यांचें भांडवल. त्यांनीं प्रथम 'टी' आणि मग तिच्यामागून आलेली 'ए' नमुन्याची फोर्ड निवडली. या दोन्ही गाड्यांत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळे. आज जिच्यावांचून रानांत जाऊंच नये असें मानतात ती चारहि चाकांस जोर देणारी रचना त्यांच्यापाशीं नव्हती.

गाडी तयार करावयाची म्हणजे तिला कांहीं जोडावयाचें असें आपण समजतों. बॅग्नोल्ड यांनीं आरंभ काढून टाकण्यापासून केला. दरवाजे, समोरची कांच, बॉनेट, मडगार्डें अशी सगळी खोगीरभरती उतरविली आणि मागें सामानासाठीं साधी लांकडी पेटी बसविली. असें वाचविलेलें वजन म्हणजे तेवढें अधिक पाणी आणि पेट्रोल. हा भार पेलण्यासाठीं कमानींना जास्तीचे पाटे घातले. जोडणी झाली ती एवढ्याच ठिकाणीं, जेथें भार खरोखर पडणार होता.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मऊ वाळूंत गाडी रेटूं लागली कीं इंजिन तापतें, रेडिएटरमधलें पाणी उकळतें आणि वाफ होऊन उडून जातें. गाडीची तहान आणि माणसाची तहान एकाच पिंपावर भागवावयाची असते, तेव्हां उडून जाणारी वाफ म्हणजे उडून जाणारें आयुष्यच. युद्धकाळांतील पथकांनीं यावर एक युक्ति योजिली होती; बॅग्नोल्ड यांनीं ती पूर्णत्वास नेली. रेडिएटरचें बाहेर सांडणारें तोंड बंद करून वाफ एका नळीनें बाजूच्या डब्यांत न्यावयाची. डब्यांत अर्धें गार पाणी असे, त्यांत वाफेचें पुन्हां पाणी होई. आधणावरच्या झांकणीला आंतून पाण्याचे थेंब लागतात, तोच हा प्रकार. डब्यांतलें पाणीहि खदखदूं लागलें कीं गाडी वाऱ्याच्या तोंडीं उभी करावयाची. इंजिन निवतांच रेडिएटरमध्यें पोकळी होई आणि डब्यांतलें पाणी त्याच नळीनें आपोआप परत ओढलें जाई. एक डबा आणि एक नळी, एवढ्या सामग्रीवर शेंकडों मैलांच्या प्रवासांत पाण्याची नासाडी जवळजवळ थांबली.

तिसरा प्रश्न रुतण्याचा. चाक वाळूंत रुतलें म्हणजे तें जितकें फिरवावें तितकें खोल जातें. कैरोच्या जुन्या बाजारांत, भंगाराच्या दुकानांत, बॅग्नोल्ड यांना पोलादाच्या पन्हळी पट्ट्या आढळल्या. महायुद्धांत खंदकांवर छप्पर घालण्यासाठीं त्या केलेल्या होत्या. रुतलेल्या चाकापुढची वाळू हातांनीं उकरून तेथें या पट्ट्या सरकवावयाच्या. म्हणजे चाकाला क्षणभर लोखंडी रस्ता मिळे आणि गाडी वर येई. त्याच्या जोडीला दोरांच्या शिड्या असत. आज रानवाटांवर जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवर दिसणाऱ्या छिद्रांच्या रंगीत पट्ट्या पाहाव्या. त्यांचा पूर्वज त्या भंगाराच्या ढिगांत आहे.

चौथा प्रश्न दिशेचा. मोटारीच्या लोखंडामुळें चुंबकसूचीवर विसंबतां येत नाहीं, आणि दर वेळीं गाडीपासून दूर चालत जाऊन दिशा पाहावी तर दिवस मोडतो. बॅग्नोल्ड यांनीं अंश कोरलेली एक तबकडी चालकासमोर बसविली व तिच्या मधोमध एक उभी सुई लावली. सुईची सांवली ठरलेल्या खुणेवर राखीत गाडी हांकावयाची, आणि सूर्य सरकेल तशी कोष्टक पाहून तबकडी फिरवावयाची. रात्रीं तारे पाहून मुक्कामाचें ठिकाण नकाशावर पक्कें करीत.

येथवरचीं सगळीं साधनें कोणत्याहि हुशार कारागिराला साधलीं असतीं. वाळूचा महासागर मात्र साधनांनीं ओलांडला गेला नाहीं. तो वाळूच्या अभ्यासानें ओलांडला गेला. १९२९ व १९३० च्या मोहिमांत बॅग्नोल्ड यांना आढळलें कीं, टेकडीची सगळी वाळू सारखी नसते. वारा ज्या बाजूनें वाहतो ती बाजू सावकाश चढणारी असून तेथले कण घट्ट बसलेले असतात. उलट बाजूस वाळू नुसती घरंगळून पडलेली, सैल आणि उभ्या उताराची. टायरांतील हवा कमी करून, योग्य जागा हेरून, न कचरतां पूर्ण वेगानें गाडी घातली तर वाळूची सबंध भिंत ती चढून जाते. पहिल्यानें अशी गाडी घालतांना छातींत केवढें धडधडलें असेल याची कल्पना करावी. माथ्यावर वेळेवर थांबलें नाहीं तर पलीकडे कडाच. आणि गाडी मोडली तर जवळची विहीर शेंकडों मैल दूर. म्हणून हे लोक कधीं एकाच गाडीनें जात नसत, आणि पाण्याचा व पेट्रोलचा हिशेब दररोज करीत. काटकसर करावी पण कोठें, आणि कोठें करूं नये, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

१९३२ सालीं याच पद्धतीनें त्यांनीं सुदान आणि आजच्या चाड देशाच्या सीमेपर्यंत हजारों मैलांचा प्रवास केला. पुढें १९३५ सालीं लष्करांतून निवृत्त झाल्यावर बॅग्नोल्ड यांनीं लंडनच्या इंपीरिअल कॉलेजांत वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूचे कण कसे उडतात, कसे आदळतात आणि त्यांच्या टेकड्या कशा बनतात याचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि वाळूच्या शास्त्राचा तो आजहि पाया समजला जातो.

तोंवर दुसरें महायुद्ध पेटलेलें होतें. जहाजाला अपघात झाल्यामुळें बॅग्नोल्ड योगायोगानें पुन्हां इजिप्तांत येऊन पोहोंचले होते. जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरली. लिबिया तिच्याच ताब्यांत होता. जनरल वेव्हेल यांनीं बॅग्नोल्ड यांना वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें पथक उभारण्यास सहा आठवडे दिले. लष्कराजवळ योग्य गाड्या नव्हत्या. तेव्हां कांहीं शेवरोले लॉऱ्या विक्रेत्यांकडून विकत घेतल्या, कांहीं इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणल्या. त्यांचे दरवाजे व कांचा उतरविल्या, वाफेचे डबे जोडले, पोलादी पट्ट्या आणि सूर्यछायेच्या तबकड्या बसविल्या, आणि सप्टेंबरांत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रूप' या पथकाच्या तुकड्या वाळूच्या महासागरांतून शत्रूच्या पाठीशीं जाऊन पोहोंचल्या. पुढें हिंदी सैनिकांचें एक दूरपल्ल्याचें पथकहि याच कामावर लागलें. रजेंतल्या छंदाचें असें रणविद्येंत रूपांतर झालें. तें पाहून अभिमान वाटावा कीं खेद, याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. वाळवंट समजून घेण्याच्या आनंदासाठीं शोधलेली वाट अखेर माणसांची शिकार करण्यासाठीं वापरली गेली, एवढें खरें.

या कथेचा शेवट पृथ्वीवर होत नाहीं. मंगळावरच्या वाळूचीं चित्रें येऊं लागलीं तेव्हां तेथील टेकड्या समजून घेण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं बॅग्नोल्ड यांचाच ग्रंथ उघडला. ते स्वतः १९९० सालीं निवर्तले. मंगळावरील टेकड्यांच्या एका समूहाला त्यांचें नांव दिलेलें आहे, आणि २०१५ सालीं 'क्युरिऑसिटी' ही सहा चाकांची गाडी त्या टेकड्यांपाशीं पोहोंचली. तिच्याआधीं पाठविलेली 'स्पिरिट' ही तशीच एक गाडी २००९ सालीं मंगळाच्या मऊ मातींत रुतली. महिनोन् महिने प्रयत्न झाले, पण ती निघाली नाहीं. अपार पैसा खर्चून बांधलेल्या त्या गाडीच्या चाकापुढची वाळू उकरून लोखंडी पट्टी सरकविणारा हात तेथें नव्हता.

म्हणून ज्या घरांत एखादा तरुण जुनी मोटार अंगणांत उभी करून तिच्यावर काय काय चढवावें याची यादी करीत असेल, त्या घरच्या वडील मंडळींनीं त्याला रागें भरूं नये. त्याला एवढेंच विचारावें: बाबा रे, हिच्यांतून काढतां काय येईल? पाणी कोठें वाया जातें? भार कोठें पडतो? आणि ज्या भूमीवर तूं हिला नेणार, ती भूमि तुला ठाऊक आहे काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्याची गाडी निम्मी तयार झालीच, आणि त्या निम्म्या तयारीला पैसा पडत नाहीं.