दरवर्षीच्या पत्त्यांवरून स्थलांतर कसं मोजतात?

एखादी व्यक्ती २०२० मध्ये नाशिकला होती आणि २०२३ मध्येही नाशिकलाच आहे. मग तिने शहर बदललंच नाही, असं म्हणायचं का?

तसं म्हणता येणार नाही. मधली दोन वर्षं ती पुण्यात असू शकते. फक्त पहिला आणि शेवटचा पत्ता पाहिला, तर ही ये-जा दिसतच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित होते. पण हा आकडा माणसांचा आहे. कोण किती वेळा हललं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींच्या दरवर्षीच्या नोंदी लागतात.

आडवी माहिती उभी कशी करतात?

अशा नोंदी बहुतेकदा आडव्या असतात. एका व्यक्तीची एक ओळ आणि प्रत्येक वर्षाचा एक रकाना. एक काल्पनिक उदाहरण पाहू. (वर्षं २०२० ते २०२३)

अ : नाशिक, पुणे, पुणे, नाशिक
ब : सोलापूर, पुणे, पुणे, पुणे
क : पुणे, नोंद नाही, मुंबई, मुंबई

पायथनच्या पांडाज लायब्ररीतलं 'मेल्ट' हे फंक्शन या ३ ओळींच्या १२ ओळी करतं. प्रत्येक ओळीत व्यक्ती, वर्ष आणि शहर. मग व्यक्ती आणि वर्षानुसार क्रम लावायचा. 'शिफ्ट' वापरून आधीच्या ओळीतलं शहर शेजारी आणायचं. दोन्ही शहरं वेगळी असतील, तर ते एक स्थलांतर. शेवटी 'कुठून-कुठे' अशा जोड्या मोजायच्या.

पहिलं आणि शेवटचं वर्ष ताडून पाहिलं, तर इथे २ स्थलांतरं दिसतात. या पद्धतीने ४ सापडतात.

चूक कुठे होते?

व्यक्तीनुसार गट न पाडता 'शिफ्ट' वापरलं, तर 'अ'चं नाशिक 'ब'च्या सोलापूरशेजारी येतं आणि कुणीही न केलेला प्रवास मोजला जातो. गट पाडल्यावरही प्रत्येकाच्या पहिल्या वर्षाआधी नोंद नसते. त्या ओळी वगळाव्या लागतात.

'क'ची रिकामी जागा तशीच ठेवली, तर एका स्थलांतराची दोन होतात. ती आधी काढली की पुणे-मुंबई एकदाच मोजलं जातं. मात्र हे स्थलांतर नेमकं कोणत्या वर्षी झालं, ते सांगता येत नाही.

नावांचाही घोळ होतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नावं आधी एकसारखी केली नाहीत, तर अख्खं शहर दुसरीकडे राहायला गेल्याचं कोड सांगेल.

कोडलाही न दिसणारे

वर्षातून एकदाच नोंद घेण्याची एक मर्यादा राहतेच. बीडमधले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. नोंद दर जूनमध्ये घेतली, तर ते कायम गावातच दिसतील. त्यांची ये-जा मोजायची असेल, तर नोंदच हंगामानुसार घ्यावी लागेल.