आधी माल, मागाहून दाम

गिऱ्हाईकाने प्रथम पैसे मोजावे व मग माल उचलावा, हा व्यापाराचा जुना दंडक होय. सन १९८२ मध्ये अमेरिकेतील दोन गृहस्थांनी तो उलटा करून पाहिला.

आय. बी. एम. कंपनीचा लहान संगणक आदल्या वर्षीच निघाला होता. त्यावर चालणारा एखादा किरकोळ उपयोगाचा कार्यक्रम विकावयाचा, तर खोका, छापील पुस्तिका, जाहिराती आणि दुकानदाराची दलाली यांतच किंमत संपून जाई. त्यातून गिऱ्हाइके थोडी व दूरदूर विखुरलेली. उलटपक्षी, चकतीची नक्कल करावयास खर्च जवळजवळ नाहीच! मोठ्या कंपन्या या नकलेस चोरी म्हणत. या दोघांनी तिलाच आपली फेरीवाली केली.

कॅलिफोर्नियातील अँड्र्यू फ्लूगेलमन हे मूळचे वकील. दूरध्वनीच्या तारेवरून दोन संगणकांचा संवाद घडविणारा ‘पीसी-टॉक’ हा कार्यक्रम त्यांनी रचला. कोरी चकती व परतीचे टपाल पाठवावे, कार्यक्रम फुकट मिळेल. उपयोगी वाटल्यास पंचवीस डॉलर धाडावे, असे त्यांनी कळविले. प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या दूरचित्रवाणी केंद्रावरून त्यांस ही कल्पना सुचली.

दुसरे जिम नॉफ, खुद्द आय. बी. एम.चेच नोकर. चर्चच्या मंडळीच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी केलेला त्यांचा कार्यक्रम सहकाऱ्यांच्या हातोहात पसरला. सुधारणा कोणास कळवावी हेच कळेना, तेव्हा त्यांनी दहा डॉलरांची विनंती आतच लिहून ठेविली. दोन्ही कार्यक्रम बाळगणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्यांस फ्लूगेलमनांची वार्ता दिली. मग दोघांनी स्पर्धा न मांडता एकमेकांची शिफारस केली आणि नॉफांच्या कार्यक्रमास ‘पीसी-फाइल’ हे जोडनाव मिळाले. जर्मन भाषेत नॉफ म्हणजे गुंडी, म्हणून व्यापारात त्यांनी ‘जिम बटन’ हे नाव घेतले.

पैसे न देणारेच बहुसंख्य असणार, हे उघड होते. तथापि देणारे इतके निघाले, की १९८४ मध्ये नॉफांनी नोकरी सोडली. बॉब वॉलेस यांनी तर ‘पीसी-राइट’ची नक्कल पुढे देणाऱ्या नोंदलेल्या गिऱ्हाइकास, ती घेणाऱ्याने पैसे भरताच, पंचवीस डॉलर दलाली देऊ केली. ‘फ्रीवेअर’ या नावावर फ्लूगेलमनांची मालकी असल्याने या पद्धतीस ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झाले.

तिचा विस्तार पाहणे फ्लूगेलमनांच्या नशिबी नव्हते. १९८५ च्या जुलैत ते नाहीसे झाले. त्यांची मोटार गोल्डन गेट पुलाजवळ सापडली. ते मात्र सापडले नाहीत.