थंडीत ऊन शोधणारी माणसं

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती मिनिआपोलिसला असते. तिच्याकडे उणे १८ चालू होतं आणि मी इथे दुधनीत १५ अंशांत कानाला मफलर गुंडाळून बसलो होतो. (हसू नका मंडळी. आम्हा सोलापूरकडच्यांना मे महिन्यातल्या ४३ ची सवय. १५ म्हणजे आमचा हिमालयच.)

"मामा, नाताळच्या सुट्टीत कुठेतरी उबदार जायचंय. फ्लोरिडा, कानकुन की हवाई? तुम्ही एवढं वाचत असता, सांगा ना."

या तीन नावांत भारत नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. तिच्याही आलं असावं, कारण पुढचं वाक्य तिनेच घाईघाईने म्हटलं. सुट्टी दहाच दिवस, त्यातले तीन प्रवासात जाणार, डिसेंबरात तिकिटांचे भाव काय असतात तुम्हाला माहीतच आहे... मी हो हो म्हटलं. माझी आई, जिला आमच्या घरात सगळे अव्वा म्हणतात, शेजारच्या खोलीत जागीच होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं असं आम्ही समजतो.

फोन ठेवला आणि डोक्यात एक वेगळाच किडा वळवळायला लागला. थंडीच्या दिवसांत ऊन असलेल्या मुलखात जाऊन राहायचं, हे माणसाला सुचलं कधी?

आपल्याला तर सुचायचं कारणच नव्हतं. मराठीत 'थंड हवेचं ठिकाण' असा शब्दप्रयोग आहे. 'उबदार हवेचं ठिकाण' असं कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय? आपली सगळी धडपड गारव्यासाठी. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम महाबळेश्वराच्या मागे लागला आणि तिथल्या वस्तीला माल्कम पेठ असं नावही पडलं. पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचं वर्षाचं वेळापत्रकच ठरून गेलं. उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्याला गणेशखिंडीतल्या बंगल्यात (आताचं पुणे विद्यापीठ), आणि हिवाळा मुंबईत. म्हणजे साहेबाला मुंबई सोसायची ती फक्त हिवाळ्यात!

युरोपात मात्र उलटं. आणि मी जसजसं आठवत गेलो, चाळत गेलो, तसतसं एक दिसायला लागलं, की ही उबेची सहल मुळात सहल नव्हतीच. ती दवा होती. क्षय झाला की डॉक्टर सांगत, हिवाळा इथे काढू नका. औषध काहीच नव्हतं, म्हणून हवा लिहून देत. मग ज्यांच्याकडे पैसा होता ते इटलीला, दक्षिण फ्रान्सला, मदेराला, इजिप्तला जात. फ्रान्समधल्या नीस शहरात समुद्रकाठचा जो प्रसिद्ध रस्ता आहे, त्याचं नावच इंग्रजांवरून पडलेलं आहे, कारण हिवाळा काढायला आलेल्या इंग्रजांनीच १८२० च्या दशकात तो करवून घेतला. कवी कीट्स १८२० च्या सप्टेंबरात याच कारणासाठी जहाजात बसला, नोव्हेंबरात रोमला पोचला आणि २३ फेब्रुवारी १८२१ ला तिथेच गेला. वय २५. रोमच्या हवेला काही करता आलं नाही.

आता भाचीच्या यादीतल्या पहिल्या नावाकडे येतो. हे वाचून मी स्वतः चाट पडलो होतो. हेन्री फ्लॅग्लर नावाचा माणूस, रॉकफेलरचा स्टँडर्ड ऑइलमधला भागीदार. गडगंज. त्याची बायको मेरी आजारी असायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिवाळ्यात फ्लोरिडाला न्या. १८७८ च्या हिवाळ्यात त्याने तिला जॅक्सनव्हिलला नेलं. त्या काळी फ्लोरिडा म्हणजे दलदल, डास आणि तुटक रेल्वे. मेरी १८८१ मध्ये गेली. फ्लॅग्लर नंतर पुन्हा फ्लोरिडात आला, आणि त्याने तिथे हॉटेलं बांधायला सुरुवात केली. १८८८ मध्ये सेंट ऑगस्टीनचं राजवाड्यासारखं हॉटेल उघडलं. मग रेल्वे खाली खाली ओढत नेली. १८९६ मध्ये ती मायामीला पोचली आणि मायामी शहर उभं राहिलं. आज अर्धी अमेरिका थंडीत जिथे अंग शेकायला जाते, ते ठिकाण एका आजारी बाईच्या पायगुणाने सापडलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. (कानकुनचं तसं काही नाही. मेक्सिकोच्या सरकारने १९७० च्या सुमारास ठरवून, आखून बांधलेलं गाव. तिथे इतिहास शोधायला जाऊ नये.)

बरं, आपल्याकडे काय चाललं होतं? १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि इंग्लंड-मुंबई प्रवास काही आठवड्यांवर आला. इकडे रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली होती, ती पुढे सरकत १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. ही लाइन आमच्या दुधनीवरूनच जाते. आणि मग दर वर्षी नोव्हेंबर ते मार्च साहेबांचे पाहुणे बोटी भरभरून यायला लागले. त्याला ते 'कोल्ड वेदर'चा हंगाम म्हणत. आपल्या ज्या दिवसांना ते कोल्ड म्हणत, तेच दिवस त्यांना उबेचे. या बोटींतून लग्नाच्या मुलीही येत, इकडच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत नवरा शोधायला. त्यांना चेष्टेने 'फिशिंग फ्लीट' म्हणायचे. यातले किती जण मुंबई-मद्रास मेलच्या पहिल्या वर्गातून आमच्या गावावरून गेले असतील! उतरलं कुणीच नसावं. उतरून करणार काय? तेव्हाही इथे डिसेंबरात तूर कापणीला आलेली आणि ज्वारी कणसात भरत आलेली असणार.

याच बोटींच्या हंगामात, १६ नोव्हेंबर १८८६ ला, मुंबईच्या धक्क्यावर एक मराठी मुलगी उतरली. तीही थंडीतून उबेकडे आली होती. आनंदीबाई जोशी.

तिची गोष्ट आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, गोपाळरावांचा हट्ट, एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय केलेला प्रवास, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ ला पदवी. पण भाचीचा फोन येईपर्यंत मी या गोष्टीकडे कधी हवामानाच्या बाजूने बघितलं नव्हतं. अठरा वर्षांची मुलगी, पूर्ण शाकाहारी, फिलाडेल्फियाचे तीन हिवाळे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथल्या थंडीत ते जमेना, म्हणून तिने गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीची परवानगी, चर्चा, स्पष्टीकरणं हजारो मैलांवरच्या नवऱ्याशी पत्रांतून. थंडीबरोबर हीही एक थंडीच.

निघताना तरी ती ठणठणीत होती असं नाही. डोकेदुखी, ताप इथेही होतेच. क्षय जंतूने होतो, गारठ्याने नाही, हे कॉखने मार्च १८८२ मध्येच बर्लिनला जाहीर केलं होतं, म्हणजे ती निघण्याच्या वर्षभर आधी. पण जंतू दिसला म्हणून तो मारता येत नव्हता. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे आणि पुण्यातल्या वैद्यांकडे तेव्हा साधारण सारखंच होतं. हवा, अन्न, विश्रांती, आणि धीराचे दोन शब्द.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झालेली होती. बायकांचा वॉर्ड तिची वाट बघत होता. ती परत आली ती बरोबर आपल्या सर्वांत चांगल्या हंगामात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पुण्याची कोवळी उन्हं. इंग्रज ज्यासाठी बोटीचं तिकीट काढून येत तीच हवा. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बावीस पुरे व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरला ती कामावर रुजू झालीच नाही. तिची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. आता डिसेंबरात तिथे बर्फ असतो.

मला हे लिहिताना मध्येच उठून चहा करावा लागला.

असो. पुढचं थोडक्यात. आपल्याकडेही मग 'हवापालट' हा शब्द घराघरांत शिरला. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं तो शब्द हळू आवाजात उच्चारायची, कारण हवापालट म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. पाचगणी, देवळाली, मिरजेजवळची वानलेसवाडी. तोवर डॉक्टरांचं मतही पालटलं होतं. उबेपेक्षा डोंगरावरची कोरडी, गार हवा बरी, असं युरोपात दावोसवाल्यांनी ठरवलं होतं, म्हणून आपली सॅनेटोरियमंही डोंगर शोधत गेली. व्हरांड्यात ओळीने खाटा.

हे सगळं संपलं ते औषधाने. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पाठोपाठ इतर औषधं आली. आणि शेवटचा खिळा ठोकला तो आपल्याच लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, मद्रासला. १९५६ मध्ये तिथे क्षयाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र निघालं. त्यांनी काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरीच ठेवून औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि घरच्यांना त्यांच्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. बदललेल्या हवेची, चांगल्या जेवणाची, सक्तीच्या विश्रांतीची गरज औषधापुढे उरली नव्हती. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू ओस पडत गेली. माझ्या मते हा विसाव्या शतकातल्या भारताच्या मोठ्या कामांपैकी एक आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ नाही.

आजार गेला, पण सवय मागे राहिली. समुद्र, ऊन, आरामखुर्ची, करायचं काहीच नाही. नीट बघा, ही रोग्याचीच दिनचर्या आहे! फक्त आता ती धडधाकट माणसं पैसे मोजून करतात. आपल्याकडे त्याचं ठिकाण गोवा. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण-कळंगुटला हिप्पी थंडीचे महिने काढायला येऊ लागले आणि १९८७ मध्ये जर्मनीहून थेट चार्टर विमानं सुरू झाली. तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने त्यांना कडाडून विरोध केला होता. पाणी कुणाचं, किनारा कुणाचा, असे त्यांचे प्रश्न होते. ते प्रश्न आजही तिथेच आहेत. विमानतळ मात्र एकाचे दोन झाले.

आणि दुधनी? आमच्याकडे कुणी येत नाही असं म्हणायला मी जरा घाई केली. सोलापूर जिल्ह्यात थंडी काढायला दर वर्षी पाहुणे येतात, अगदी मध्य आशिया आणि मंगोलियातून. कांड्या करकोचे तळ्यांकाठी उतरतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. नान्नजच्या गवताळ माळावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी घिरट्या घालतात. उजनीचं धरण भरल्यापासून तिथे रोहित येतात, पण ते बहुतेक गुजरातकडचे, त्यांना फारसं लांबचं म्हणता येणार नाही. या मंडळींना कोण सल्ला देतं कुणास ठाऊक. सकाळी १५ आणि दुपारी ३० अंश, पाऊस नाही, शिवारात दाणा. डॉक्टरने लिहून दिल्यासारखीच हवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वा दारातल्या उन्हात तुरीचे दाणे निवडत बसली होती. मी नुसता शेजारी जाऊन बसलो. काही न विचारता तीच म्हणाली, "कुठं जायाची म्हनं पोरगी?"

म्हणजे ऐकलं होतंच.

मी म्हटलं, फ्लोरिडा म्हणतेय.

"ऊन असतंय का तिथं?"

असतं म्हटलं.

"मग जाऊ दे की. लेकराला खोकला हाय तिच्या. बर्फात कशाला ठिवायचं?"

भाचीला मी फ्लोरिडाच कळवलं. फ्लॅग्लरची गोष्टही लिहिली, सेंट ऑगस्टीनला ते जुनं हॉटेल आहे, आता तिथे कॉलेज भरतं, लेकरांना दाखव म्हणून. पुढच्या वर्षी सुट्टी तीन आठवड्यांची मिळते का ते आतापासून बघ, असंही शेवटी घातलं. अव्वाला हुरडा पाठवायचा होता. हुरडा परदेशात जात नाही हे तिला पटायला दोन दिवस गेले. शेवटी शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर तडजोड झाली. पार्सल पोचेल तेव्हा ती फ्लोरिडात असणार, तेव्हा शेजारणीला सांगून ठेव म्हणून पुन्हा एक निरोप पाठवायचा आहे.