डेम्लोपासून सुरुवात

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. हीच कृती पुन्हा करत गेले की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. यापुढे काही बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४च उरतात. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथेच येते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना हे १९४९ मध्ये सापडले. १९०५ हे त्यांचे जन्मवर्ष; त्याला पुरत्या सात पायऱ्या लागतात हा योगायोग मला फार आवडतो.

कापरेकर जन्मले डहाणूला, म्हणजे त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या, आणि देशातल्या गणितज्ञांनी बराच काळ त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभरचे वाचक त्यांना ओळखू लागले.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या विद्यार्थ्यांपुढे अंकांचे हे शास्त्र ठेवताना मी डेम्लो संख्यांपासून सुरुवात करतो. २५५३ पाहा: टोकांचे २ आणि ३ मिळवले की ५, आणि मध्ये ५५. तसेच ४७७७३: ४ आणि ३ मिळून ७, मध्ये ७७७. पहिली २३ गुणिले १११, दुसरी ४३ गुणिले ११११. मुंबईपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात कापरेकरांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी स्टेशनाचेच नाव या संख्यांना दिले. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, अशी चढउतार करणारी माळही याच घराण्यातली. नऊ एकांपर्यंत ती देखणी चालते, दहाव्या एकाला हातचा येतो आणि तिचा आकार मोडतो. नेमके तिथेच विद्यार्थ्याने थांबून पाहावे.

अशा गणिताला ‘करमणूक’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. करमणूक शोधापाशी संपेल, पण सिद्धता पुढेच आहे. ६१७४ कडे नेणाऱ्या कृतीतले चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड माना. वजाबाकी होते ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). पहिला फरक १ ते ९ यांपैकी, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. एकूण शक्यता अवघ्या ५४. म्हणजे ८९९१ संख्यांचा पसारा पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतो, आणि उरलेले काम नववीचा वर्ग फळ्यावर पुरे करू शकतो. शालेय बीजगणित इतके नीट कामाला आलेले मी क्वचितच पाहिले आहे.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, उदाहरणार्थ १२ किंवा १८. अशा संख्या ओळीने किती येऊ शकतात, हा प्रश्न बाळबोध वाटतो. पण सलग २१ कधीच येत नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले ते १९९३ मध्ये, कापरेकरांच्या निधनानंतर सात वर्षांनी.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचा, मात्र वही-पेन्सिल जवळ ठेवा. पहिला प्रयोग पाच अंकी संख्यांवर करावा: ५३९५५ वरून ५९९९४ वर जाता येते आणि तिथून परत ५३९५५ वर. ६१७४ सारखा एकच मुक्काम इथे का नाही, आणि अशी आणखी किती वर्तुळे आहेत, ते आधी स्वतः शोधा. माझे उत्तर नंतर पाहा.