सदाफुलीचे विष

अंगणातल्या सदाफुलीची आपण कधी बडदास्त ठेवीत नाही. पाण्याची आबाळ झाली तरी ती फुलते आणि शेळ्या-गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. माझ्या मते तिची सारी कथा ह्या तोंड न लावण्यातच आहे.

ती मूळची मादागास्कर बेटावरची. जहाजांबरोबर देशोदेशी गेली आणि जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेऊ लागले. १९५२ साली तिथून पंचवीस पाने पाकिटातून कॅनडात पोचली. रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना टोचला. साखर उतरली नाही. उंदीर मात्र मेले! पाहतात तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटलेल्या. दुसऱ्या कोणी पानेही उंदरांबरोबर फेकली असती. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो धागा सोडला नाही. १९५८ साली त्यांनी विनब्लास्टिन जगापुढे ठेवले. त्याचे भावंड विनक्रिस्टिन आजही ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना देतात. दोन्ही द्रव्ये पेशींचे विभाजनच रोखतात.

आता, सदाफुलीला आपल्या लेकरांचा एवढा कळवळा कोठून आला? मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. रसायनांच्या साखळ्या मला पुरत्या उलगडत नाहीत. तथापि एवढे कळते, की झाडाला पाय नाहीत. अळी आली तरी पळायची सोय नाही. म्हणून पानातल्या पेशीच्या एका कप्प्यात स्ट्रिक्टोसिडीन नावाचा पदार्थ असतो आणि तो फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. अळीने चावा घेतला की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि जागच्या जागी विष तयार होते.

ही युक्ती कोणी योजलेली नाही. एखाद्या जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते. पहिली प्रत नित्याचे काम करते, दुसरी बदलायला मोकळी. बहुतेक बदल वाया जातात. क्वचित एखाद्यातून कडू द्रव्य निघते. ते झाड कमी खाल्ले जाते, त्याचे बी जास्त रुजते. अशा अगणित पिढ्या.

सर्पगंधेचे रिसर्पिन आणि सिंकोनाचे क्विनाइन ह्याच स्ट्रिक्टोसिडीनपासून निघालेले. आणि सिंकोनाची गंमत पाहा! तो अँडीज पर्वतातला. जीवघेण्या हिवतापाचे जंतू त्या खंडात पोचले १४९२ नंतर, परक्यांच्या जहाजांतून. क्विनाइन त्याच्या कितीतरी आधीपासून सालीत होते, किड्यामुंग्यांसाठी.