‘अॅग. लॅब.’ची कुळकथा

इंग्लंडमध्ये १८०१पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत असे, पण सुरुवातीला सरकारला हवी होती ती डोकी. घरटी प्रत्येकाचं नाव, वय आणि धंदा देशभर नोंदवला गेला तो १८४१ साली. ६ जूनच्या रात्री घरात कोण मुक्कामाला होतं, ते कुटुंबप्रमुखाने फॉर्मवर लिहायचं. गणनाकाराने ते गोळा करून वहीत उतरवायचं. ते घरचे फॉर्म पुढे नष्ट झाले. उरल्या त्या पेन्सिलीने लिहिलेल्या वह्या.

धंद्याचा रकाना अरुंद आणि शेतमजूर तर गावोगाव. तेव्हा काही शब्द तोडून लिहिण्याची मुभा सरकारनेच दिली. ‘अॅग. लॅब.’ म्हणजे ‘अॅग्रिकल्चरल लेबरर’, शेतमजूर. ‘एम. एस.’ म्हणजे गडी, ‘एफ. एस.’ म्हणजे मोलकरीण. ‘जे.’ म्हणजे उमेदवारी संपवून रोजावर काम करणारा कारागीर, तर ‘इंड.’ म्हणजे स्वतःच्या मिळकतीवर जगणारा. थोडक्यात, ‘अॅग. लॅब.’ हे पणजोबांनी स्वतःला दिलेलं नाव नव्हे. तो वही भरणाऱ्याचा शिक्का. नांगर्‍या आणि मेंढपाळ दोघेही त्याखाली सापडू शकतात.

आपल्या सातबाऱ्यावरचं ‘ए. कु. मॅ.’ जसं ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ हे ठाऊक असल्याशिवाय उलगडत नाही, तसंच हे. त्यातही अक्षराचा अर्थ रकान्यावर ठरतो. धंद्याच्या रकान्यात ‘एफ.’ स्त्रीचा, जन्मस्थानाच्या रकान्यात परदेशाचा. तिथलाच ‘आय’ पाहून मराठी वाचकाने हिंदुस्थान शोधू नये, तो आयर्लंड. ‘वाय’ म्हणजे त्याच काउंटीत जन्मलेला, ‘एन’ म्हणजे बाहेरचा. वयही तसंच बेतलेलं: पंधराच्या पुढच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवायचं असल्याने ३९ वर्षांचा माणूस ३५चा दिसतो. सगळ्याच गणनाकारांनी हा नियम पाळला असंही नाही.

नावांच्या कडेच्या तिरप्या रेघा मात्र नजरेतून सुटतात. एक रेघ म्हणजे त्याच घरातलं एक कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घरच संपलं. एवढं कळलं तरी नातं कळत नाही, कारण १८४१ला ते विचारलंच नव्हतं. एका आडनावाची तीन माणसं नवरा, बायको, मुलगी असतील किंवा भाऊ, बहीण, भाची. वंशावळीत रेघ ओढण्याआधी १८५१ची वही उघडावी. कुटुंबप्रमुखाशी नातं सांगणारा रकाना तिथे आहे.