तिश्बी ते केहीमकर

ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळ १८७९ साली उभे राहिलेले 'शआर हाशामाईम' हे सिनेगॉग आहे. येथील बेने इस्रायली घरांत शुभकार्याला मलिद्याचे ताट मांडतात आणि एलियाहू संदेष्ट्याचे स्तवन गातात. त्यात त्याला दोन विशेषणे लागतात: तिश्बी आणि गिलादी. तिश्बे हे त्याचे गाव, गिलाद हा यार्देन नदीपलीकडचा मुलूख. आणि ताटाभोवती बसलेले कोण? रोहेकर, पेणकर, नवगावकर, केहीमकर. संदेष्टा गावाच्या नावाने ओळखला जातो, त्याला आळवणारेही तसेच.

हिब्रूत गावाच्या नावाला 'ई' जोडला की रहिवासी होतो, 'ईत' जोडला की रहिवासिनी. आपल्याकडेही 'ई' आहे, पण तो बहुधा वस्तूंना लागतो. चप्पल कोल्हापुरी असते, माणूस मात्र कोल्हापूरकर. दाविदाचा बाप इशाय हिब्रूत 'बेथलेहेमी' आहे. मराठीत त्याला बेथलेहेमकरच म्हणावे लागेल. एलिशाला आसरा देणारी शूनेमची बाई तर आपल्याला केवळ शूनेमकरीण म्हणून माहीत आहे. बायबलने तिचे नाव नोंदलेले नाही, गाव नोंदले आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की असे नाव गावात राहून मिळत नाही. रोह्यात सगळेच रोहेकर. तिथे त्या शब्दाने कोणाची ओळख पटणार? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाच्या वीरांची यादी आहे. अबियेजर अनाथोथचा, ईरा तकोवाचा, महरय नटोफाचा. गावोगावचे शिपाई एका छावणीत आले, तेव्हा गाव हीच ओळख ठरली.

कोकणातही हेच घडले असावे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शब्बाथला तो बंद ठेवणारे बेने इस्रायली गावात 'शनवार तेली' होते. अठराव्या शतकात ते मुंबईस येऊ लागले, कंपनीच्या पलटणीत शिरले. तिथे सगळेच शनवार तेली. मग वेगळे ओळखायला गाव पुढे आले. अशाच पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर हे नावाने किहीमचे. चित्रपटांतले डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचा जुना उच्चार त्यांच्या आडनावात टिकून राहिला.

नाव गावापेक्षा चिवट असते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची मोजदाद नहेम्याच्या सातव्या अध्यायात आहे: बेथलेहेम व नटोफाचे १८८, अनाथोथचे १२८, यरीहोचे ३४५. बंदिवास दोन पिढ्यांहून लांबला होता. यांतल्या बहुतेकांचा जन्म बाबेलातला. तरी मोजणाऱ्याने त्यांना न पाहिलेल्या गावाचेच मानले.

१९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणाचीच चौकशी झाली. विवाहासाठी वंशावळ तपासण्याचा तिथल्या धर्मपीठाचा आदेश निघाला. निदर्शने झाली, आणि १९६४ साली त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. 'कर' हा प्रत्यय त्या देशात परका होता, पण आडनावे बदलली नाहीत अशी घरे अनेक आहेत. तिथे जन्मलेल्या रोहेकराने रोहे पाहिलेले नसेल. नहेम्याच्या यादीतल्या अनाथोथकरानेही अनाथोथ कुठे पाहिले होते?

तिश्बे नेमके कुठे होते यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. ते गाव एका माणसाच्या विशेषणात उरले आहे. रायगडातली गावे जागच्या जागी आहेत. त्यांतल्या कित्येकांत बेने इस्रायली घर मात्र उरलेले नाही. अलिबागेत अजून इस्रायल आळी आहे आणि इस्रायलमध्ये केहीमकर आहेत. गेलेल्यांनी गाव नावात नेले, गावाने गेलेल्यांचे नाव आळीला ठेवले.